दोन टिंबं

“इंजिन बदललंय का?”

खिडकीपलीकडच्या मुलीनं हे मान वर न करता विचारलं. कोथिंबीर देऊ का, असं भाजीवाली विचारते तितक्या सहज. तिच्या टेबलावर डबा उघडा होता आणि मेथीच्या भाजीचा वास खिडकीपर्यंत येत होता. मी काचेला नाक लावून तिच्या स्क्रीनवरचा आकडा वाचत होते आणि हातातल्या चिठ्ठीवरच्या आकड्याशी तो पुन्हा पुन्हा ताडून पाहत होते. चिठ्ठीवर ३१२४०. स्क्रीनवर ३९२८०. मागचा माणूस हेल्मेटचा कोपरा माझ्या पाठीत रुतवत होता. खरं तर ‘नाही’ म्हणायला हवं होतं. त्या गाडीला मी लहानपणापासून ओळखते, तिच्या मागच्या सीटवर मला गोवर आला होता, घाटात ओकारी आली होती, दहावीचा निकालही मी तिथंच बसून ऐकला होता. पण मी म्हणाले, “माहीत नाही.” त्या दोन शब्दांनी पुढचे कित्येक दिवस मला झोपू दिलं नाही.

प्रकरण क्षुल्लक होतं. २०२५ साली अख्खा महाराष्ट्र ज्या कामाला लागला होता त्याच कामाला मीही लागले होते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबराची पाटी लावा, नाहीतर दंड भरा. मुदतीच्या तारखा पुढे पुढे सरकत होत्या आणि त्यांच्यासोबत आम्हीही. माझी स्कूटर, भावाची कार, दोन्हींची नोंदणी मी एका बैठकीत उरकली. राहिली आत्याची फियाट. त्या साइटवर चेसिस नंबरचे आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे भरावे लागतात. आरसी बुक कुठंय, असं विचारलं तर आत्या म्हणाली, “नीट ठेवलंय.” आमच्या घरात ‘नीट ठेवलंय’ याचा अर्थ आता ते सापडणार नाही असा होतो. म्हणून मी बॉनेट उघडलं आणि दोन्ही नंबर गाडीवरूनच टिपून घेतले. साइटनं दोनदा, तिनदा, चारदा सांगितलं की तपशील जुळत नाहीत. मग आरटीओ, मग ती खिडकी, मग ती मेथी.

आत्याची गाडी म्हणजे १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळलेली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आमच्याकडच्या लोकांना फियाट म्हटलं की एकतर तिच्या आधीची ‘डुक्कर फियाट’ आठवते, नाहीतर नंतरची, टॅक्सीतली पद्मिनी. ही मधली. रंग मूळचा फिका निळा, आता जिथं जिथं हात लागतो तिथं दुधाळ झालेला. आत बसलं की तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास येतो. तो वास मी डोळे बांधून ओळखीन. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली तेव्हा आत्यानं पेपरातला फोटो कापून फ्रीजवर लावला. “बघ, माझ्यापेक्षा धाकट्या होत्या, गेल्या,” असं ती म्हणाली. ते स्वतःबद्दल होतं की गाडीबद्दल, मी विचारलं नाही. ती ८२ वर्षांची आहे. दर गुरुवारी अजून स्वतः गाडी काढून दत्ताच्या देवळात जाते आणि येताना मंडईतून भाजी आणते. मंडईतले हमाल तिला मागं घ्यायला मदत करतात, कारण गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि आत्याचा उजवा खांदा पार दुखावलेला आहे.

गाडी घेतली आतोबांनी. ते गिरणगावात एका गिरणीत वीव्हिंग मास्टर होते आणि आत्या दादरला मराठी शाळेत गणित शिकवायची. त्या काळी नंबर लावून फियाट मिळायला वर्षं लागायची. घरात पाळणा हलला नाही पण गाडी आली, हे वाक्य आत्या स्वतःच हसत सांगते, त्यामुळे आम्हीही हसतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणी काही पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. वर्षभरानं दोघं गाडीत भांडी, गाद्या आणि एक शिलाई मशीन कोंबून आमच्या गावी परत आले. नंबर मुंबईचाच राहिला, एमआरनं सुरू होणारा. गावात आल्यावर आतोबांनी पेंटरकडून पाटी मराठीत रंगवून घेतली, आकडे देवनागरी, अगदी वळणदार. नियमात ते बसत नव्हतं. पाटीवर अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी असायला हवेत. पण पुष्कळ जण तेव्हा तसं करायचे आणि हवालदारही मराठीच वाचायचे.

आता ते ‘माहीत नाही’ कुठून आलं, ते सांगायला हवं.

१९९२ च्या दिवाळीनंतर गाडी धूर ओकायला लागली. निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय. आतोबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. गाडीचं सगळं एकच मिस्त्री बघायचा, आतोबांच्या वेळेपासूनचा. पत्र्याची शेड, बाहेर चिंच, आणि बोलता बोलता पान्यानं बॉनेटवर ताल धरायची सवय. त्यानं इंजिन उघडलं आणि सांगितलं की सिलेंडर लंबगोल झालेत, बोअर करून, म्हणजे आतून कातून, ओव्हरसाईझ पिस्टन घालावे लागतील. ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात जाणार, पिस्टनचा सेट मुंबईहून येणार. पंधरा दिवस म्हणाला. पंधरा दिवसांनी सहा डिसेंबर उलटून गेला होता, आणि पिस्टन यायचे होते ते जानेवारी १९९३ च्या मुंबईतून. गाडी फेब्रुवारीत घरी आली. तोवर शेडसमोरून जाताना बॉनेट उघडं टाकलेली, आत नुसतं भोक असलेली ती गाडी मी शाळेतून येताना रोज बघायचे. दात काढलेल्या म्हातारीसारखी दिसायची.

आणि परत आली ती वेगळीच होऊन. आवाज घट्ट, चढाला नाखूश, चटकन तापणारी. बोअर केलेलं इंजिन सुरुवातीला आवळलेलंच असतं, हजारभर किलोमीटर सबुरीनं चालवून ते मोकळं करावं लागतं, हे आज मला कळतं. त्या वेळी बाबांनी गाडीला एक चक्कर मारली, खाली उतरले, आणि अंगणात उभं राहून म्हणाले, “ताई, हे आपलं इंजिन नाही. बदललंय त्यानं.” पुढं आणखी एक वाक्य म्हणाले, ‘ती माणसं’ या शब्दांनी सुरू होणारं. ते मी इथं लिहीत नाही. त्या दोन महिन्यांत आमच्या गावातही कुणाबद्दल काय बोलायचं याला धरबंद राहिला नव्हता, आणि मला आठवतं तसं, बाबा इतर वेळी असं बोलणारे गृहस्थ नव्हते. आत्या काहीच बोलली नाही. पण गाडी पुन्हा त्या शेडमध्ये गेली नाही. तिथून दर ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, तोही त्या वर्षापासून आला नाही. इंजिन बदलल्याची गोष्ट मात्र घरात मुरली. पाहुणे आले, गाडीचं कौतुक झालं की कुणीतरी सुस्कारा टाकायचं, “हो, पण इंजिन मूळचं नाही हो.” तीस-बत्तीस वर्षं हेच ऐकलेल्या बाईला काचेपलीकडून कुणी विचारलं, तर ती दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी जुना टूथब्रश, डिझेलची वाटी आणि डोक्याला बांधायचा टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये शिरले. आदल्या दिवशी नंबर वाचला होता तो मळातून, अंदाजानं. आता तो नीट बघायचा होता. ब्लॉकच्या कडेला तासून सपाट केलेली एक पट्टी असते, आगपेटीहून थोडी मोठी, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. पन्नास वर्षांचं ऑइल आणि धूळ यांचा तिथं डिंक झाला होता. तारेचा ब्रश वापरू नको, असं मला एका जुन्या गाड्यांच्या नादिष्ट मित्रानं बजावलं होतं, कारण ओरखडे उठले की नंबर घासल्याचा संशय येतो. म्हणून टूथब्रश. अर्ध्या तासानं लोखंड दिसायला लागलं, करडं, थंड, त्यावर यंत्राच्या तासणीच्या बारीक समांतर रेघा. आत्या मागं खुर्ची टाकून बसली होती. मी म्हटलं, दिसत नाही नीट. ती आत गेली आणि खडूची पेटी घेऊन आली. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली तरी तिच्या कपाटात खडू असतात. पट्टीवर खडू घासला, बोटानं पुसला, आणि खाचांत अडकलेला पांढरा रंग तेवढा राहिला. तीन. एक. दोन. चार. शून्य. आकडे थोडे वरखाली होते, एक अंमळ कललेला. हातानं पंच धरून, वरून हातोडा मारून ठोकलेले. कुर्ल्यातल्या कुठल्या तरी दुपारी कुणीतरी पाच ठोके मारले होते आणि चौथा मारताना त्याचा हात जरा हलला होता.

मग मी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवली. लहानपणी वहीखाली चार आण्याचं नाणं ठेवून असंच करायचो. अशोकस्तंभाचे सिंह कागदावर उगवले की दर वेळी नव्यानं आनंद व्हायचा. आरटीओबाहेरचे एजंट यालाच ‘पेन्सिल प्रिंट’ म्हणतात, पण त्यांची रीत जास्त चलाख आहे. ते नंबरावरच पेन्सिल घासतात, वर सेलोटेप दाबतात आणि उचलून अर्जावर चिकटवतात. आत्याच्या गाडीचे कागद दर पाच वर्षांनी असाच एक एजंट न्यायचा आणि शिक्के मारून आणायचा. प्रिंट चेसिसची घ्यायचा, कारण ती बॉनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर लगेच सापडते. इंजिनच्या त्या डिंकात हात घालायची तसदी कुणी घेतली नव्हती. त्यामुळे लोखंडावर एक आणि कागदावर दुसरंच, असं किती वर्षं सुखानं नांदत होतं कोण जाणे.

दुरुस्तीचा अर्ज दिल्यावर गाडी तपासणीला बोलावली. आत्या स्वतः चालवत आली, कडक इस्त्रीची साडी, मनगटावर आतोबांचं घड्याळ. मोटार वाहन निरीक्षक तरुण होते, चाळिशीच्या आतले, आणि खरंच गाडीवर खूश झाले. मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, “मॅडम, ही दोन टिंबं कसली?”

नंबराच्या पट्टीच्या थोडं खाली, ब्लॉकच्या ओबडधोबड अंगावर, पंचानं मारलेली दोन टिंबं होती. शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढी. घासताना मला दिसली होती, मी त्यांना ओतकामातला खळगा समजले होते. साहेब म्हणाले, ही कंपनीची खूण वाटत नाही, कुणीतरी नंतर इथं हात चालवलाय. नंबर तसा बरोबर वाटतो, तासणीच्या रेघाही आहेत, पण सिस्टिमला वेगळा नंबर आणि वर ही टिंबं, म्हणजे मला लिहावं लागेल. लिहिलं की पोलिसांचा अहवाल, कदाचित फॉरेन्सिक. माझा चेहरा पाहून त्यांनी मला ते समजावूनही सांगितलं, शाळेत शिकवतात तसं. पंचाचा ठोका बसतो तेव्हा नुसती वरची खाच पडत नाही, खालचं लोखंडही दाबलं जातं. चोरानं वरचा आकडा घासून सपाट केला तरी ते दाबलेपण आत राहतं. त्यावर विशिष्ट आम्ल लावलं की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगानं झिजतात आणि पुसलेला आकडा हळूहळू परत वर येतो. “घटकाभर दिसतो,” ते म्हणाले, “तेवढ्यात फोटो काढायचा.”

त्या रात्री मला झोपेत ते लोखंड दिसत राहिलं.

खरं सांगायचं तर आता मला इंजिनाची काळजी नव्हती. इंजिन बदललेलं निघालं असतं तर काम सोपंच होतं. बदल केल्याची नोंद, दंड, शुल्क, संपलं. हजारो गाड्यांची इंजिनं बदलली आहेत. नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी अँबेसेडरमध्ये मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसवली, आणि त्या ट्रॅक्टरच्या आवाजात वराती काढल्या. मला खुपत होतं ते दुसरंच. ही टिंबं दिसल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते, ‘म्हणजे बाबा बरोबर होते’. आणि त्यासोबत एक बारीकसा दिलासा वाटला होता. बाबा बरोबर ठरल्याचा दिलासा. तो कशाबद्दल होता, हे कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढचे तीन दिवस आम्ही ट्रंका उपसल्या. आत्याच्या ट्रंकेत काय नव्हतं? गिरणीच्या बोनसची पाकिटं, रेशनकार्डं, विद्यार्थिनींच्या राख्या, आतोबांच्या चष्म्याची एक काडी. तिसऱ्या दिवशी दुपारी खाकी लखोट्यात इन्शुरन्सची कव्हर नोट सापडली. १९६९ ची. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या, आता नामशेष झालेल्या एका कंपनीची, जांभळ्या कार्बनची प्रत, घडीवर फाटलेली. चेसिस नंबर, आणि त्याखाली इंजिन नंबर, टाइप केलेला. शेवटचे पाच आकडे ३१२४०. मी भिंग लावून त्यातल्या एककडे बघत बसले. तो एक नव्हताच. पुष्कळ जुन्या टाइपरायटरांवर एकचं बटण नसायचं, टायपिस्ट इंग्रजी धाकटा एल दाबायचे. कुठल्याही उजेडात, कुठल्याही घाईत, त्या एलला नऊ म्हणता आलं नसतं.

म्हणजे इंजिन मूळचंच होतं. १९६९ ला होतं तेच १९९३ ला परत आलं होतं आणि तेच आजही होतं.

मग ३९२८० आलं कुठून? त्याच लखोट्याच्या तळाशी आरसी बुक होतं, नीट ठेवलेलं. हे दुसरं बुक. आतोबांची पिशवी एसटी स्टँडवर चोरीला गेली तेव्हा १९८६ मध्ये काढलेली डुप्लिकेट. चेसिस नंबर निळ्या शाईत, इंग्रजी आकड्यांत. त्याच ओळीत पुढं इंजिन नंबर, काळ्या शाईत, वेगळ्या हाताचा. मी ते आत्यापुढं धरलं आणि म्हटलं, हे बघ, इथंच चुकीचा आहे, एकोणचाळीस हजार. आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं ती बिनचष्म्याचं वाचते. एवढ्याशा कामाला आपल्याला उठवलं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. “अगं, मराठीत लिहिलंय ते. हा एक आहे, नऊ नाही. आणि हा चार.”

मी पुन्हा पाहिलं आणि ते अक्षरशः माझ्या डोळ्यांदेखत बदललं. मराठी तीन इंग्रजी तिनासारखाच, मराठी दोन इंग्रजी दोनासारखा, शून्य तर शून्यच. मराठी एक म्हणजे इंग्रजी नऊचा सख्खा भाऊ. आणि मराठी चार घाईनं काढला की वरची दोन टोकं जवळ येऊन त्याचा इंग्रजी आठ होतो. आत्या म्हणाली, इंग्रजी शाळेतून आलेली पोरं पहिल्या आठवड्यात हमखास हीच चूक करायची, ती त्यांना चार वर उघडा ठेवायला लावायची, “चहाच्या कपासारखा”. एखादा मराठी आठ असता, सहा असता, पाच असता, तर वाचणारा अडखळला असता, अरे हे मराठी आहे म्हणाला असता. पण नेमके पाचही आकडे असे, की दोन्ही भाषांत खपून जावेत. त्यातून शेजारचा चेसिस नंबर इंग्रजी. जुनी बुकं संगणकात चढवणाऱ्या कुणा ऑपरेटरची नजर इंग्रजीत चालत आली आणि तशीच पुढं गेली. मीही तशीच गेले होते, आणि मी तर मराठी शाळेत शिकलेली, खुद्द गणिताच्या बाईंची भाची. त्या ऑपरेटरला काय नावं ठेवायची?

पुढचं सगळं सरळ झालं, म्हणजे सरकारी अर्थानं सरळ. प्रतिज्ञापत्र, कव्हर नोटेची प्रत, दोन पेन्सिल प्रिंट, ब्लॉकचे फोटो. निरीक्षक साहेबांनी आरसी बुक उलटसुलट करून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. टिंबांचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, १९६९ चा कागद आणि इंजिन जुळतंय, पट्टी घासलेली नाही, मग टिंबं राहू देत. अर्ज ‘साहेबांच्या लॉगिनला’ गेला, तिथं सव्वा महिना राहिला, आणि एके दिवशी मोबाइलवर मेसेज आला. त्या साहेबांनी जाता जाता आत्याला सुचवलंही, की गाडी पन्नास वर्षांवरची आहे, २०२१ च्या नियमानं विंटेज म्हणून नोंदवा, ‘व्हीए’ मालिकेचा खास नंबर मिळेल, मूळ इंजिन असल्याचा पुरावा तर आता आहेच. आत्यानं विचारलं, मग गुरुवारी मंडईत नेता येईल? ते म्हणाले, नाही, रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढंच. आत्या म्हणाली, “मग माझ्या मेथीची जुडी कोण आणणार, तुम्ही?” नवी पाटी लागली. ॲल्युमिनियमची, कोपऱ्यात चकचकीत चक्र, आकडे इंग्रजी. आतोबांची मराठी पाटी आता न्हाणीघराच्या माळ्यावर आहे.

गाडीतून घरी येताना मी आत्याला म्हटलं, म्हणजे मिस्त्रींनी काही बदललं नव्हतं. ती गिअर टाकत होती, तिसरा, जो हल्ली नीट पडत नाही. म्हणाली, “मी कधी म्हटलं बदललं म्हणून? तुझा बाप म्हणायचा.”

“आणि तू?”

“मी गाडी दुसरीकडं न्यायला लागले. एवढंच.”

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. चिंचेखालची शेडही नाही, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. त्यांच्या मुलाचं बायपासला वॉशिंग सेंटर आहे असं कळलं. मी एका रविवारी फियाट घेऊन गेले. काय बोलायचं ते वाटेत तीन वेळा ठरवलं होतं. गेल्यावर लक्षात आलं की बोलण्यासारखं काहीच नाही. आमच्या घरात त्याच्या वडिलांवर आळ होता हे त्याला ठाऊकच नव्हतं. माफी मागायची तर आधी आळ सांगावा लागणार. म्हणजे जी घाण बत्तीस वर्षं आमच्या अंगणात होती ती त्याच्या दारात नेऊन ओतायची आणि वर पुसून दाखवायची. मी म्हटलं, गाडी धुवायची आहे.

पाण्याचा फवारा, शाम्पूचा फेस, मागं कुठंतरी रेडिओ. तो पन्नाशीचा असेल, वडिलांसारखाच रुंद पंजाचा. बॉनेट उघडून इंजिनवर पाणी मारू नका असं मी सांगायच्या आत त्यानंच प्लास्टिक पसरलं, आणि थबकला. बोटानं खाली दाखवून म्हणाला, “हे अब्बांचं आहे.” मी काहीच न कळल्यासारखं विचारलं, काय? “ही दोन टिंबं. ब्लॉक बोअरला बाहेरगावी पाठवायचा असला की मारायचे. तिथं फियाटचे दहा ब्लॉक पडलेले असतात ना. दुसऱ्याचा आपल्याला यायला नको, आपला दुसऱ्याला जायला नको. मी लहान होतो, पंच मीच धरायचो. हात हलला की शिव्या.”

दीडशे रुपये झाले. टॅपेट आवाज करतायत, पुढच्या वेळी बघून घेऊ, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आत्याला सांगते.

घरी आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. कुठं धुतलीस एवढी स्वच्छ, म्हणाली. मी सांगितलं. टिंबांचंही सांगितलं. तिनं सुपातले दोन खडे बाजूला काढले, मग सूप खाली ठेवून आत गेली आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. चढू नको, असं मी ओरडेपर्यंत ती परत आलीही होती, हातात स्टीलचा एक उभट डबा. वर्षानुवर्षं आमच्या फडताळात सगळ्यात वर, वापरात नसलेला. तिनं पदरानं तळ पुसला. भांड्यावर नाव घालतात तसं टिंबाटिंबांनी कोरलेलं मिस्त्रींचं नाव होतं. शेवटच्या ईदचा. परत द्यायचा राहिला होता.

“नेऊन दे,” आत्या म्हणाली. “पण रिकामा नको.”

तेव्हापासून त्यात काय घालायचं यावर आमची चर्चा चालू आहे. आत्या म्हणते बेसनाचे लाडू. मला वाटतं, तिच्या हातची खोबऱ्याची वडी. डबा घासून, पुसून टेबलावर ठेवलाय, आणि पुढचा गुरुवार आला की आत्या म्हणते, या गुरुवारी राहू दे, मंडईत चांगला नारळ मिळाला नाही.